बहात्तरचा तलाव, सायाळीचं बीळ आणि मे महिन्यातला हिरवा पट्टा

बरेच दिवस ब्लॉगवर काही लिहिलं नाही, कारण सगळा उन्हाळा कळंब तालुक्यात पायपीट करण्यात गेला. "पीएचडीचा विषय काय?" असं कुणी विचारलं की मी "लहान मातीची धरणं" असं सांगते, आणि समोरचा माणूस विनम्रपणे विषय बदलतो. तुम्ही ते करणार नाही या भरवशावर आज एकाच तलावाची गोष्ट सांगते. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. उन्हाळ्यात रानातली जनावरं नेमकी कुठे पाणी प्यायला येतात हे जाहीर न केलेलंच बरं.

कळंबहून येरमाळ्याकडे निघालं की काळी सपाट शेतं मागे पडतात आणि बालाघाटचे बोडके डोंगर सुरू होतात. तिथल्या एका ओढ्यावर हा पाझर तलाव आहे. भिंत मातीची, जेमतेम आठ मीटर उंच. मे महिन्यात गेले तेव्हा तलावात पुरुषभर पाणी शिल्लक होतं. भिंतीच्या खालच्या अंगाला, म्हणजे जिथे पाणी नसायला हवं तिथे, पायथ्याशी वीस-पंचवीस पावलांचा हिरवागार पट्टा होता. लव्हाळा, हरळी, मधोमध तळहाताएवढी दोन-तीन डबकी. आजूबाजूला सगळं करपलेलं.

त्या चिखलात ठशांची नुसती जत्रा होती. मोर, ससा, रानडुक्कर, कोल्हा की खोकड हे आमचं ठरेना. सोबत वन्यजीवांवर काम करणारा माझा एक मित्र होता. तो गुडघ्यावर बसून मोबाईलवर फोटो काढत होता आणि म्हणत होता, "काय भारी पाणवठा आहे गं!" मी एम.एस्सी. भूशास्त्राची. त्याच चिखलाकडे बघून माझ्या पोटात गोळा आला होता. कारण मला तो पाणवठा दिसत नव्हता, गळती दिसत होती. आणि त्या गळतीच्या खाली, ओढ्याच्या काठाने, सात-आठ घरांची वस्ती आहे.

दोघंही बरोबर होतो. ते कसं, हे समजायला पन्नास वर्षं मागे जावं लागतं.

बहात्तर साल

आमच्याकडे अशा तलावाला कुणी "पाझर तलाव क्रमांक अमुक" म्हणत नाही. "बहात्तरचा तलाव" म्हणतात. १९७२-७३च्या दुष्काळात सरकारने लोकांना काम द्यायचं म्हणून रस्ते, खडी फोडणं, नालाबांध, पाझर तलाव अशी कामं राज्यभर काढली. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात या कामांवर सुमारे ५० लाख माणसं होती. आकडा पुन्हा वाचा. एवढी माणसं एकाच वेळी टिकाव, फावडी आणि पाट्या घेऊन उन्हात उभी होती. वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमीची कल्पना याच काळात राज्यभर रुजली, पुढे १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. मनरेगावर बोलताना आपण हा इतिहास विसरतो, पण तो वेगळा लेख होईल.

माझी आजी त्या ५० लाखांतली एक. तेव्हा ती विशीत होती. या तलावावर नव्हे, पण दोन कोसांवरच्या अशाच एका कामावर तिने पाट्या वाहिल्या. तिला मी विचारलं, "आजी, माती टाकल्यावर तिच्यावर पाणी मारायचे का गं?"

आजी हसलीच. म्हणाली, "लेकी, प्यायला पाणी न्हवतं, अन् मातीवर कुठलं मारावं? सुकडी खायची अन् पाट्या टाकायच्या. मुकादम म्हणायचा थर सारखा करा, की आम्ही पायानं सारखा करायचो."

माझ्यासाठी हे वाक्य एखाद्या अहवालाच्या तोडीचं आहे. का ते सांगते. १९३३ मध्ये राल्फ प्रॉक्टर नावाच्या लॉस एंजेलिसच्या अभियंत्याने दाखवून दिलं की प्रत्येक मातीचा एक "योग्य ओलावा" असतो. त्या ओलाव्यावर ठोकली तर ती सगळ्यात घट्ट बसते. कोरडी ठोकली तर कण एकमेकांवर सरकत नाहीत, मध्ये पोकळ्या राहतात. जास्त ओली असेल तर मधल्या पाण्यामुळे ती दाबली जात नाही. भाकरीचं पीठ मळणाऱ्या कुणालाही हे प्रॉक्टरच्या आधीपासून माहीत आहे. आपल्या काळ्या मातीची तर सुकली की दगडासारखी ढेकळं होतात, ती नुसत्या पायांनी फुटत नाहीत. म्हणजे दुष्काळात मातीचं धरण बांधणं यातच एक पेच आहे. ज्या वर्षी हात सगळ्यात जास्त मिळतात, त्याच वर्षी माती नीट बसवायला लागणारं पाणी नसतं.

पण तेव्हाच्या लोकांना नावं ठेवायचा माझा अजिबात हेतू नाही. कामाचा पहिला हेतू माणसं जगवणं हा होता आणि तो पुष्कळ अंशी साधला. शिवाय पन्नास वर्षांत ती माती आपल्याच वजनाने बरीच बसली आहे. फक्त, माती बसली म्हणजे भिंतीची उंचीही थोडी कमी झाली. आणि ती सगळीकडे सारखी कमी झालेली नाही.

त्याच १९७२ मध्ये, सप्टेंबरात, दिल्लीत वन्यजीव संरक्षण कायदा झाला. एकीकडे तलाव, दुसरीकडे कायदा. तेव्हा या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. तो नंतर जुळला.

पाझरणं हेच ज्याचं काम

पाझर तलाव आणि साधं धरण यांत एक मूलभूत फरक आहे. धरणाने पाणी धरून ठेवायचं असतं. पाझर तलावाने ते जमिनीत सोडायचं असतं, म्हणजे खालच्या विहिरींना पाणी येतं. बालाघाटवर हे जमतं, कारण खाली दख्खनचा बेसाल्ट आहे. वरचा थर झिजून मुरूम झालेला, त्याखाली भेगांचा दगड. म्हणून साध्या धरणाखाली चिकणमातीने भरलेला खंदक पार कठीण खडकापर्यंत नेतात, तसा तो पाझर तलावाखाली नेत नाहीत. मुद्दाम अर्ध्यावर थांबवतात. पाण्याने भिंतीच्या *खालून* जावं ही अपेक्षाच असते.

त्यामुळे पाझर तलावाच्या पायथ्याशी ओल दिसली तर लगेच बोंब मारायची नसते. ती ओल कुठून येते, हा खरा प्रश्न. पायाखालच्या मुरुमातून येत असेल तर तलाव आपलं काम करतोय. भिंतीच्या पोटातून येत असेल तर गोष्ट वेगळी. आणि ते वरून बघून कळत नाही.

ही अडचण डोक्यात असतानाच भिंतीवर चढले, आणि वरून पाचेक फूट खाली, कोरड्या उतारावर, बीळ दिसलं. आडवं, तोंड अर्ध्या हाताहून मोठं, बाहेर ताजी माती आणि पांढऱ्या-काळ्या पट्ट्यांचे दोन काटे. सायाळ. कुणी साळिंदर म्हणतं. पुढे चालत गेले तर आणखी दोन बिळं. पाण्याच्या बाजूला खेकड्यांची भोकं तर मोजायच्या पलीकडे. आणि भिंतीवर दोन्ही बाजूंना वेडी बाभूळ. इतकी दाट की काही ठिकाणी ओणवं होऊन जावं लागलं.

जनावराच्या बाजूने विचार केला तर ही जागा उत्तमच आहे. मऊ, उकरता येण्याजोगी माती, पुराच्या पाण्यापासून उंच, वर काटेरी झुडपांचं छप्पर, खाली वर्षभर पाणी. कुणी ठरवून अधिवास तयार करायला बसलं असतं तरी याहून चांगला जमला नसता. येडशी-रामलिंग घाट अभयारण्य इथून लांब नाही. १९९७ मध्ये घोषित झालेलं, अवघं सुमारे २२ चौरस किलोमीटरचं. डिसेंबर २०२४ मध्ये तिथल्या कॅमेऱ्यात वाघ आला, तेव्हा सगळा जिल्हा हादरला होता. यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून सुमारे ५०० किलोमीटर चालत आलेला. आता विचार करा, तो आला कसा? सलग जंगल तर नाहीच. शेतं, ओढे, गायरानं, बाभळीची बेटं आणि वाटेतले पाणवठे धरत आला असणार. नकाशावर अभयारण्याची हिरवी रेघ २२ चौरस किलोमीटरला संपते, पण जनावरं जगतात ती रेघेबाहेरच्या अशा शेकडो विसरलेल्या तलावांवर.

विसरलेल्या, हा शब्द महत्त्वाचा. कारण तलाव अधिवास झाला तो विसरला गेला म्हणून. आणि धोकादायक झाला तोही त्याच कारणाने.

बिळाची भूमिती

थोडं गणित करू, घाबरू नका. आठ मीटर उंच भिंत. पाण्याच्या बाजूचा उतार एकास तीन, खालच्या बाजूचा एकास दोन, माथ्याची रुंदी अडीच मीटर. म्हणजे पायथ्याशी भिंत ४२.५ मीटर रुंद. तलावात थोडंच पाणी असेल तर त्या पाण्याला पार जायला जवळजवळ चाळीस मीटर माती ओलांडावी लागते. तेवढ्या वाटेत त्याचा जोर जिरतो.

आता तलाव सहा मीटर भरला असं समजा. त्या पातळीला भिंतीची रुंदी किती? फक्त १२.५ मीटर. त्यात खालच्या बाजूने सायाळीने चार मीटरचं बीळ केलेलं असेल आणि वरच्या बाजूने मेलेल्या बाभळीच्या मुळांच्या पोकळ्या दोन मीटर आत आल्या असतील, तर राहिली साडेसहा मीटर माती. वाट निम्मी झाली की पाण्याचा मातीवरचा ओढा साधारण दुप्पट होतो. आणि पाणी बिळाच्या तोंडाशी पोचलं की मातीचे कण धरून ठेवायला तिथे काहीच नसतं. एक कण सुटतो, मग दुसरा. भोक मागे मागे सरकत तलावाकडे जातं. इंग्रजीत याला पायपिंग म्हणतात. मराठीत माझ्या आजीचा शब्द चांगला आहे : "आतून पोखरणं".

खरी गोम पुढे आहे. आपल्याकडचे तलाव दरवर्षी भरत नाहीत. सलग तीन-चार वर्षं तळ दिसतो. त्या काळात वरचा भाग ठणठणीत कोरडा, जनावरं बिनधास्त उकरतात, काळ्या मातीला भेगा पडतात. सगळं पोखरलं जातं कोरड्या सालात, आणि परीक्षा होते एका रात्रीत. २०१६ आठवतंय? एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणलं, कारण मांजरा धरण कोरडं पडलं होतं. आणि त्याच वर्षी पावसाळा संपता संपता तेच मांजरा भरलं. २०२१च्या सप्टेंबरात मांजरेच्या पुराने कळंब तालुक्यातल्या नदीकाठच्या गावांचे काय हाल केले ते इथल्या वाचकांना सांगायला नको. मोठ्या धरणावर गेजिंग असतं, दरवाजे असतात, रात्री जागणारा माणूस असतो. ओढ्यावरच्या तलावावर त्या रात्री कुणीही नसतं.

खेकड्यांची बाजू

इथे २ जुलै २०१९ आठवल्याशिवाय राहत नाही. चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण रात्री फुटलं. लघु पाटबंधाऱ्याचं, मातीचं, तेव्हा विसाव्या वर्षातही धड नसलेलं. खालची वस्ती वाहून गेली, वीसच्या आसपास माणसं गेली. तेव्हाचे जलसंधारण मंत्री म्हणाले की खेकड्यांनी भिंत पोखरली. मग जे झालं ते तुम्हाला माहीत आहे. विनोद, व्यंगचित्रं, निषेध म्हणून कार्यकर्त्यांनी खेकडे थेट पोलीस ठाण्यात नेले.

मीही तेव्हा हसले होते. आता या विषयात चार वर्षं घालवल्यावर थोडी वेगळी चीड येते. कारण "खेकडे भिंत पोखरतात" हे वाक्य शास्त्रीयदृष्ट्या चूक नाही. अमेरिकेतल्या फेमा या आपत्ती व्यवस्थापन संस्थेने २००५ मध्ये प्राण्यांचा मातीच्या धरणांवर काय परिणाम होतो यावर अख्खी पुस्तिका काढली आहे. आपल्याकडे खेकडे, घुशी, सायाळ. त्यांच्याकडे बीव्हर, मस्करॅट. चूक आहे ती त्या वाक्याला उत्तर समजण्यात. खेकडा एका रात्रीत धरण फोडत नाही. भोकं दिसतात, पाणी झिरपतं, लोक अर्ज करतात. तिवरेच्या गावकऱ्यांनीही गळतीच्या तक्रारी आधी केल्या होत्या. खेकड्याचं नाव घेतलं की ही मधली सगळी वर्षं पुसली जातात. आणि त्या हशाचा तोटा असा झाला, की आज मी एखाद्या कार्यालयात "बिळं" हा शब्द काढला की समोरचे साहेब हसून म्हणतात, "काय मॅडम, खेकडे का?"

मोठ्या धरणांनाही आतून पोखरणं सुटलेलं नाही. अमेरिकेतलं टेटन धरण ९० मीटरहून उंच, तज्ज्ञांनी बांधलेलं. ५ जून १९७६ च्या सकाळी भिंतीजवळ गढूळ पाण्याचे झरे दिसले. बुलडोझर आणले, माती ढकलली, बुलडोझरच आत जायला लागले. दुपारी बाराच्या आत धरण फुटलं. गढूळ झऱ्यापासून फुटण्यापर्यंत उणेपुरे पाच तास.

"गढूळ" या शब्दाकडे लक्ष द्या. स्वच्छ पाणी झिरपत असेल तर माती जागेवर आहे. गढूळ येत असेल तर ते पाणी धरण सोबत घेऊन चाललंय.

दोन हजार वर्षांपूर्वीचं रजिस्टर

आता थोडं लांब जाऊ, गुजरातेत, जुनागढला. गिरनारच्या पायथ्याशी एक मोठा खडक आहे. त्यावर अशोकाचे लेख आहेत, आणि त्याच खडकावर क्षत्रप रुद्रदामनचा साधारण इ.स. १५० चा संस्कृत लेख आहे. इतिहासाचे विद्यार्थी तो भाषेसाठी वाचतात. मी तो धरणाच्या फाईलसारखा वाचते.

लेखाचा विषय सुदर्शन तलाव. चंद्रगुप्त मौर्याच्या काळात पुष्यगुप्त या अधिकाऱ्याने तो बांधला, अशोकाच्या वेळी तुषास्फाने त्याला पाट काढले. मग एका वर्षी वादळी पाऊस झाला, सुवर्णसिकता आणि पलाशिनी या नद्यांना पूर आला आणि बांधाला भगदाड पडलं. किती मोठं, तेही दिलंय : ४२० हात लांब, तेवढंच रुंद, ७५ हात खोल. भगदाड एवढं मोठं की राजाच्या सल्लागारांनी आणि अधिकाऱ्यांनी हात टेकले, लोक हवालदिल झाले. शेवटी सुविशाख नावाच्या पहलव अधिकाऱ्याने ते काम पुरं केलं. राजा अभिमानाने सांगतो की त्यासाठी लोकांवर जादा कर बसवला नाही, वेठ लावली नाही. तीनशे वर्षांनी, स्कंदगुप्ताच्या काळात, बांध पुन्हा फुटला, चक्रपालिताने पुन्हा दुरुस्त केला, आणि तेही त्याच खडकावर कोरून ठेवलं.

यात राजाची स्तुती आहेच, ती चाळून घ्यायची. पण खाली काय उरतं बघा. कुणी बांधला, कुणी वाढवला, कधी फुटला, किती फुटला, कुणी दुरुस्त केला, पैसे कुठून आले. साडेसातशे वर्षांची नोंद, एका दगडावर.

आता कळंबचा माझा तलाव. वय पन्नासच्या वर. तो कधी पुरा झाला, भिंतीच्या गाभ्यात कुठली माती आहे, सांडव्याची मूळ पातळी काय होती, हे शोधायला मी तीन कार्यालयांत गेले. एका ठिकाणी सांगितलं की हा आमच्याकडे नाही. दुसऱ्या ठिकाणी यादीत नाव होतं, पण फाईल नव्हती. तिसऱ्या ठिकाणचे बाबू मनापासून भले होते, त्यांनी कपाट उघडून दाखवलं. वाळवीने नोंदीचं काम माझ्याआधीच केलं होतं. (इथे खरोखर एका प्राण्याला दोष देता येईल.) कुणा एकाची चूक म्हणून हे सांगत नाही. लहान तलाव सिंचनक्षमतेप्रमाणे कधी जिल्हा परिषदेकडे, कधी स्थानिक स्तराकडे, मग मृद व जलसंधारणाकडे असे फिरत राहिले. प्रत्येक बदलीत कागदांचा एक गठ्ठा मागे राहिला असणार.

२०२१ मध्ये देशात धरण सुरक्षा कायदा आला. चांगला कायदा आहे, पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी बंधनकारक करतो. पण तो लागू होतो १५ मीटरपेक्षा उंच धरणांना. १० ते १५ मीटरमधली धरणं काही अटींवर येतात, उदाहरणार्थ भिंत किमान ५०० मीटर लांब किंवा साठा किमान १० लाख घनमीटर. आठ मीटरचा तलाव त्यात कुठेच बसत नाही. त्याच्या खालच्या सात-आठ घरांना मात्र आठ मीटर म्हणजे काय ते नीट कळतं.

तर मग सायाळीचं काय करायचं?

माझ्या मित्राची भीती अशी होती, की मी "धोका" हा शब्द उच्चारला की दुसऱ्या दिवशी जेसीबी येईल, बाभळी जातील, बिळं बुजतील, ओल बंद होईल, आणि मे महिन्यात ती जनावरं वस्तीतल्या हौदावर येतील. त्याची भीती खोटी नाही. सायाळ संरक्षित आहे, तिला बिळात गाडून वरून माती टाकणं कायद्यानेही चूक आणि माणुसकीनेही. आणि गंमत म्हणजे घाईची साफसफाई धरणालाही वाईट. जुनी बाभूळ नुसती वरून तोडली की मुळं आत कुजतात आणि मुळांच्या जागी तयार नळ्या उरतात. झाड जाड असेल तर बुंध्यासकट काढून ती जागा थराथराने ओली करून ठोकून भरावी लागते.

जेसीबीवरून आठवलं. २०१७ पासून "गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार" योजनेत तलावांतला गाळ काढून शेतात नेतात. शेताला चांगलं, साठ्यालाही चांगलं. पण भिंतीला लागून खोल खणू नका, हे कृपा करून गावात सांगा. पन्नास वर्षांत भिंतीच्या पाण्याकडच्या पायाशी बसलेला बारीक गाळ म्हणजे फुकटात मिळालेलं अस्तर आहे. ते ओरबाडलं की गळती वाढते. सांडव्यावर दोन फुटांचा बांध घालून "थोडं जास्त पाणी अडवू" हाही आपल्याकडचा आवडता उद्योग. आपल्या तलावावर नेमकं तेच झालंय, आणि भिंतीच्या मध्यावर गुरांच्या वाटेने माथा जिथे खचलाय ती जागा आता सांडव्यापेक्षा फार उंच राहिलेली नाही. खरं सांगू? बिळांपेक्षा मला याची जास्त धास्ती वाटते. मातीच्या भिंतीवरून पाणी वाहायला लागलं की सायाळ असो वा नसो.

हिरव्या पट्ट्याचं उत्तर मात्र जुनं आणि सोपं आहे. कार्ल टेर्झागी हा मृदायांत्रिकीचा आद्य पुरुष, त्याचं मूळ पुस्तक १९२५चं. त्याने सांगितलं की झिरपणारं पाणी कोंडायला जाऊ नका. पाणी जाऊ द्या, माती अडवा. ओल येते तिथे आधी वाळूचा थर, त्यावर बारीक खडी, त्यावर दगड. प्रत्येक थर असा निवडायचा की खालच्या थराचे कण वरच्या थराच्या फटीतून निसटू नयेत. याला उलटा गाळणा म्हणू. दगडांच्या वजनाने पायथा दबलेला राहतो, पाणी स्वच्छ बाहेर येतं. आणि ते दहा पावलं खाली, भिंतीपासून लांब, एका उथळ खळग्यात नेलं तर मोराला आणि सशाला काय फरक पडतो? बिळं मात्र भरावी लागतील. ती रिकामी आहेत याची कॅमेऱ्याने खात्री करून, पिल्लं नसताना, आणि पाऊस यायच्या आत. पर्यायी जागा म्हणून तलावाच्या वरच्या टोकाकडची, जिथे ओढा येऊन मिळतो तिथली, बाभूळ तशीच ठेवायची. तिथे कितीही उकरलं तरी कुणाच्या घरात पाणी जात नाही.

हे सगळं आम्ही दोघांनी मिळून दोन पानांत लिहिलं आणि ग्रामपंचायतीला दिलं. गाळणा कुणी घालायचा, कुठल्या निधीतून, हे अजून ठरलेलं नाही. सांडव्यावरचा बांध काढायला ज्याच्या विहिरीला त्याचा फायदा होतो तो तयार नाही, आणि त्याचंही समजण्यासारखं आहे. दुष्काळ त्याने पाहिलाय, पूर अजून पाहिलेला नाही.

तोवर एक काम सुरू झालंय. वस्तीवरची नववीतली एक मुलगी दर रविवारी हिरव्या पट्ट्यातल्या डबक्यातून एक पाण्याची बाटली भरते, तारीख लिहून घरातल्या फळीवर ठेवते, आणि दुसऱ्या दिवशी तळाशी किती गाळ बसला ते पट्टीने मोजून वहीत लिहिते. सोबत तलावातली पातळीही, मी रंगवून दिलेल्या खुंट्यावर बघून. पाऊस लागला की रोज, असं ठरलंय. पहिल्या सहा बाटल्या अगदी स्वच्छ आहेत. त्या तलावाच्या पन्नास वर्षांतली, माझ्या माहितीतली, ही पहिली सलग नोंद.

आजीला त्या वहीचा फोटो दाखवला. तिला वाचता येत नाही. तिने फोटो मोठा करायला लावला, ओळीवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "ह्याच्यात आमच्या पाट्या लिहिल्यात का?"

वहीच्या पहिल्या पानावर जागा आहे. पुढच्या खेपेला आजीला घेऊन जाणार आहे. त्या तलावावर काम केलेल्या दोन बायका अजून गावात आहेत म्हणे.